बिनपूजेचा माग

मला कुत्री आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणाला वाटायला नको की ही बाई मुक्या जिवांच्या मायेनं विरघळलेली आहे. लहानपणी अमळनेरला एक कुत्रं माझ्या पोटरीला चावलं होतं आणि नंतर पोटात टोचलेल्या सुया मी अजून विसरलेले नाही. शेजारच्या निंबाभाऊंच्या कुत्रीवरून, बॉबीनवरून, मी त्यांच्याशी किती भांडले असेन, त्याला गणती नाही. ती माझ्या ओट्यावर येऊन बसायची. मी झाडू उचलला की लंगडत उतरायची, मी आत गेले की पुन्हा येऊन तिथंच. माणसाला लाज असते, तिला तीही नव्हती. आता तिच्याबद्दल आणि तिच्या मालकाबद्दल लिहायला बसले आहे, तर खुशाल हसा.

आम्ही सुरतेला उधन्यात राहायचो. गल्लीत निम्म्याहून जास्त घरं आपल्या खानदेशातली. पुरुष मागावर नाहीतर रंगाच्या मिलमध्ये, बाया घरी बसून साड्यांना लेस लावायच्या. मीही लावायची. गल्लीच्या टोकाला ठाकोरशेठचं खातं होतं. मागांच्या शेडला तिकडं खातं म्हणतात. वर पत्रे, पुढं लोखंडी शटर, आत मागांच्या दोन रांगा. निंबाभाऊ तिथं स्वतःच्या लग्नाआधीपासून माग चालवत होते. उंच, किडकिडीत, केसांत कायम सुताचा भुगा. तीन घरं सोडून त्यांची खोली होती. मला सख्खा भाऊ नाही. ते दिवाळीला गावी न जाता सुरतेतच राहिले त्या पहिल्या वर्षी भाऊबीजेला मी ओट्यावर तोंड पाडून बसलेली त्यांनी पाहिली, घरात गेले, टोपी घालून आले आणि माझ्या पाटावर बसले. कुणी बोलावलं नव्हतं. तेव्हापासून दर भाऊबीजेला मी त्यांना ओवाळायची.

निंबाभाऊ बोलायचे ते ओरडूनच. शेजारच्या माणसाला ‘चहा घे’ म्हणाले तरी गल्लीतल्या चार घरांत पातेलं चुलीवर चढावं. मागावरची सगळीच माणसं अशी बोलतात. आत माग सुरू असताना कानाशी तोंड नेऊन बोललं तरी कळत नाही, म्हणून ते लोक हातांनी आणि ओठांनी बोलतात. बोट वर केलं की धागा तुटला, अंगठा तोंडाकडे नेला की पाणी. आयुष्य त्यात गेलं की कान हळूहळू निकामी होतात, आणि इतके हळू की ज्याचे जातात त्यालाच पत्ता नसतो. निंबाभाऊंना कुणी ‘कानाला दाखवून या’ म्हटलं की त्यांचा पारा चढायचा. “माले समदं आयकू येस! तुम्हीनच हळू बोलतस!” असं म्हणून ते निघून जायचे.

बॉबीन त्यांना खात्यातच सापडली. रिकाम्या बॉबिनींच्या, म्हणजे सुताच्या रिळांच्या, पोत्यात कुठलीशी कुत्री व्याली होती. पोतं हलवलं तशी तिनं पिल्लं एकेक करून नेली, एक तेवढं राहिलं. निंबाभाऊंनी त्याला बशीत दूध ठेवलं. ठाकोरशेठ म्हणजे देवमाणूस, पण कंजूष. दूध घरून आणायचं या अटीवर त्यांनी पिल्लू ठेवू दिलं. भिंतीकडेच्या शेवटच्या मागाखाली ते वाढलं. त्या धडाक्यात माणसाचं डोकं उठतं, पण ही पोरगी तिथं पाय वर करून घोरायची. वीज गेली आणि माग थांबले की मात्र दचकून उठायची आणि सगळीकडे बघायची. मागांची खटखट हीच तिची शांतता होती.

तिची पहिली दिवाळी आली तेव्हा हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. सुरतेच्या खात्यांत लक्ष्मीपूजनाला मागांची पूजा होते. चांदलो म्हणजे कुंकवाचा टिळा, फूल, नारळ. एकदा मागाला कुंकू लागलं की लक्ष्मी बसली. मग लाभपाचमीचा मुहूर्त होईपर्यंत तो माग कुणी फिरवायचा नाही. कारागीर तर धनतेरसलाच पोती बांधून नंदुरबारकडच्या गाडीला लोंबकळतात. खातं गप्प झालं आणि बाहेर सुतळी बॉम्ब सुरू झाले. बॉबीननं गळ्यातली दोरी तोडली आणि पळाली. निंबाभाऊ गावी गेले होते. ते परत आले तेव्हा ती सापडली रेल्वे यार्डाच्या पलीकडे, रुळांच्या खडीत, मागचा पाय चिरडलेली. जगली, पण लंगडी झाली ती कायमची.

पुढच्या वर्षी निंबाभाऊ गावी गेलेच नाहीत. ते शेठकडे गेले आणि म्हणाले, भिंतीकडेचा एक माग पूजेतून सोडा. त्याला कुंकू लावू नका. कुंकू नाही तर लक्ष्मी बसली नाही, आणि लक्ष्मी बसली नाही तर फिरवायला दोष नाही. ठाकोरशेठनं बराच वेळ कपाळ खाजवलं. वीज जळणार होती. पण कापडही निघणार होतं. शेवटी ते पूजेच्या वेळी ताट घेऊन त्या मागापाशी आले आणि हसून म्हणाले, “निंबा, आने चांदलो नथी करवानो. आ तो तारी बॉबीननुं मशीन.”

झालं. दर दिवाळीला संध्याकाळ पडली की सगळ्या सुरतेत फटाके, आणि ठाकोरशेठच्या बंद खात्यात एकच माग खटाखट चाललेला. सगळे माग हार घालून बसलेले आणि त्यांच्यात हा एक उघडा. त्याच्याखाली बॉबीन निवांत. समोर स्टुलावर निंबाभाऊ, हातात फराळाची पुडी. मी एकदा चिवडा द्यायला गेले होते तेव्हा हे सगळं पाहिलं. मला सासरकडे घर उरलं नव्हतं, म्हणून दिवाळीत मागं राहणाऱ्यांत मी असायची. निंबाभाऊंनी मला पाहून स्टूल पुसलं आणि बोट ओठांवर ठेवलं. कुणाला सांगू नको, म्हणजे काय सांगू नको हे मला समजलं.

कारण घरी त्यांनी खरं सांगितलं नव्हतं. बायकोला, कलाबाईला, सांगितलं होतं की शेठला सुट्टीत राखणीला माझ्याशिवाय कुणी चालत नाही. कुत्रीसाठी दिवाळी सोडली हे सांगायची त्यांना लाज वाटायची. कलाबाई दर वर्षी मुलीला, सोनालीला, घेऊन एकटी पारोळ्याकडे गावी जायची आणि तिथं सगळ्यांना अभिमानानं सांगायची की शेठचं पान हालत नाही आमच्या मालकांशिवाय. मला हे ठाऊक होतं आणि मी तोंड शिवून बसले. नवराबायकोच्या मधे कशाला तडमडायचं?

प्लेगच्या साली तर सगळी सुरत रिकामी झाली. आमच्या गल्लीत कुलपं लटकली, गाड्यांच्या टपांवर माणसं. मीही पळाले, लपवत नाही. निंबाभाऊंनी बायको-मुलीला गाडीत कोंबून दिलं आणि स्वतः राहिले. कुत्रीला गाडीत कोण घेणार? महिन्याभरानं आम्ही परत आलो तर दोघं माझ्या ओट्यावर बसलेले होते. मी बॉबीनवर झाडू उगारला तो सवयीनं. मग तिथंच बसून मी रडले.

त्यानंतर एक गोष्ट माझ्या लक्षात यायला लागली. नळाला पाणी आलं की बॉबीन निंबाभाऊंच्या पायजम्याचं टोक ओढायची. दारावर कुणी थाप मारली की उठून त्यांच्या गुडघ्यावर पंजा ठेवायची. सायकलची घंटी मागून वाजली तर त्यांना ढुशी देऊन बाजूला करायची. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. हा माणूस हाकेला वळत नाही हे तिचं तिला कळलं होतं. आणि निंबाभाऊंना वाटायचं की पाणी आलं ते आपण ऐकलं, दार वाजलं ते आपण ऐकलं. तिनं त्यांचं बहिरेपण असं झाकून टाकलं की सगळ्यांत जास्त ते त्यांच्यापासूनच झाकलं गेलं.

सत्त्याण्णवची दिवाळी आली. त्या वर्षी सोनालीचं लग्न ठरलं होतं. मुलगा बारडोलीचा, बाप साखर कारखान्यात. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त होता. म्हणून पहिल्यांदाच कलाबाई गावी गेली नाही. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्याही-विहीण फराळाला यायचे होते. चार दिवस आधीपासून ती चाळणीत चकलीची भाजणी चाळत होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून नवरदेवाचा फोटो दाखवत होती. निंबाभाऊंचं आपलं एकच. संध्याकाळी पाहुणे येणार, पण माग चालू करून दिला की बॉबीन राहील एकटी, मधून एखादी चक्कर मारली की झालं.

दुपारी खात्यात पूजा होती. आम्ही राहिलेल्या चारदोन बाया प्रसादाला गेलो. कलाबाई नवी साडी नेसून, हळदकुंकवाची कोयरी घेऊन आली होती. इतकी वर्षं जिच्याबद्दल ऐकलं ती खात्याची पूजा ती प्रथमच पाहत होती. ठाकोरशेठनं एकेक मागाला चांदलो केला, हार घातला. शेवटचा माग सोडून ते देवीच्या तसबिरीकडे वळले. निंबाभाऊ तेव्हा बाहेर नारळ फोडत होते. कलाबाईनं पाहिलं की एक माग तसाच राहिला. बिचाऱ्या म्हाताऱ्या शेठला दिसलं नसेल असं तिला वाटलं. मुलीचं लग्न तोंडावर असताना पूजेत उणं कसं राहू द्यायचं? ती पुढं झाली, त्या मागाला हळद लावली, कुंकू लावलं, आपल्या वेणीतला गजरा काढून त्याच्या दांडीवर वाहिला आणि हात जोडले. मी तसबिरीपाशी आरतीच्या वाती वळत होते. मान वर केली तेव्हा ती डोळे मिटून उभी होती.

निंबाभाऊ खोबरं घेऊन आत आले आणि जागच्या जागी थांबले.

“एक मशीन उघडं ऱ्हायनं व्हतं,” कलाबाई हसून म्हणाली. “मी पूजा करी दिधी.”

त्यांना ऐकू गेलं नसणार, पण कुंकू दिसत होतं. सगळे प्रसाद घेऊन पांगले तेव्हा त्यांनी तिला सांगितलं. पहिल्यांदा. कुत्रीचं, मागाचं, सगळ्या दिवाळ्यांचं. त्यांना हळू बोलता येत नव्हतं, त्यामुळं शटरबाहेर उभ्या असलेल्या मलाही ते सगळं ऐकावं लागलं.

कलाबाईनं तोंडाला पदर लावला. “इतली वरीस मी गावले एकली दिवाळी करी. लोकेसले सांगे, शेठले तुमनाबिगर चालत नही. आनि तुम्ही कुत्रीजोडे बठेल व्हतात? माले एक शबद सांगाले काय व्हयनं व्हतं?”

तिला राग आला असता तर बरं झालं असतं. ती नुसती रडत होती. निंबाभाऊंनी खिशातला फडका काढला आणि मागाकडे गेले. कुंकू पुसायला एवढा फडका पुष्कळ होता. कलाबाईनं त्यांचा हात धरला.

“पुसू नका. मी हात जोडस. सोनालीनं लगीन तोंडवर शे. बसेल लक्ष्मी उठाडू नका.”

हे वाचून कुणी म्हणेल, कसली ही खुळी माणसं. एक बटण दाबायचं, माग सुरू. म्हणा. पण ज्या माणसाची भाकरी त्या मागावर आहे आणि ज्याची मुलगी आठपंधरा दिवसांत बोहल्यावर चढणार आहे, त्यानं कुंकवावर फडका फिरवून दाखवावा. निंबाभाऊंनी फडका खिशात ठेवला. लग्न नीट पार पडलं, सोनाली सुखात आहे, हेही इथंच सांगून टाकते.

मग ते कामाला लागले. दुपारभर ते गोण्या वाहत होते. वाया गेलेलं सूत भरलेल्या गोण्या त्यांनी खिडक्यांना लावल्या, झरोक्यांत बोळे कोंबले, शटरच्या खालच्या फटीत जुन्या चादरी ठोकून बसवल्या. मी लेसचं काम टाकून जरा हात लावला, वर ‘लग्नघरचा बाप गोण्या वाहतोय’ म्हणून चिडवलंही. ते हसले नाहीत. काम झाल्यावर मला बाहेर थांबवून ते आत गेले, शटर खाली ओढलं, आणि बराच वेळ आत राहिले. बाहेर पोरांनी फटाक्यांची लांबलचक माळ लावली होती. माळ संपली, धूर विरला, तेव्हा शटर वर गेलं. इतका आनंद त्या माणसाच्या तोंडावर मी सोनालीच्या सुपारीच्या दिवशीही पाहिला नव्हता.

“मझार काहीच आयकू येस नही, प्रमिला! एकदम चिडीचूप! इतली वरीस उगाच मशीन चालाडं!”

आत आवाज येत नाही म्हटल्यावर मला हायसं वाटलं. आत उभं राहून पाहणारा तो माणूस होता, मी नव्हते. मी तरी म्हटलं, माझा रेडिओ नेऊन ठेवा, मोठ्यानं लावून. त्यांनी हात हलवला. काय गरज? उलट त्यानं ती उठायची. त्यांनी तिच्यासाठी पाण्याची थाळी ठेवली, दुधात कुस्करलेली भाकरी ठेवली, स्वतःचा मळका सदरा मागाखाली अंथरला. तिला सदऱ्यावर बसवून मान खाजवली. मग शटर लावून अंघोळीला घरी गेले. पाहुणे यायची वेळ झाली होती.

संध्याकाळी त्यांच्या घरात लक्ष्मीपूजन झालं, व्याह्यांना फराळ दिला, विहिणीची ओटी भरली. मी वाढायला होते. गल्लीत असा दणका होता की आम्ही एकमेकींशी खुणांनीच बोलत होतो. मधेच निंबाभाऊ उठले, चपला घातल्या आणि खात्याकडे गेले. थोड्या वेळानं परत आले. मी भुवया उंचावून विचारलं. त्यांनी दोन्ही हात जोडून गालाखाली धरले आणि मान कलती केली. झोपली आहे. कलाबाईनंही ते पाहिलं आणि दुपारपासून पहिल्यांदा तिच्या जिवात जीव आला. तिनं त्यांच्या ताटात आणखी एक करंजी वाढली.

सकाळी गुजराती नवं वर्ष. पोरं ‘सबरस’ म्हणत मीठ विकत फिरत होती. निंबाभाऊ दूध घेऊन खात्यात गेले.

बॉबीन त्या मागाच्या आत सापडली. खाली नव्हे, आत. खालच्या दांड्यांमधून जिथं मांजर शिरणार नाही तिथं ती शिरली होती, जितकं मागाच्या पोटात जाता येईल तितकं. अंग थंड पडलं होतं. शटरच्या चादरी फाडलेल्या होत्या आणि पत्र्यावर तिच्या नख्यांचं रक्त होतं. पाणी सांडलेलं, भाकरी तशीच. कलाबाईचा गजरा मागाच्या दांडीवर सुकला होता. ज्या जागेतून तिची शांतता यायची त्या जागेशी ती गेली होती, आणि ती जागा गप्प होती. हे लिहिताना मला अजून राग येतो आणि तो कुणावर काढायचा ते समजत नाही.

तिला बाहेर काढायला निंबाभाऊंना मागाचे नट सोडावे लागले. मी घरी गेले आणि खिडकीचा पडदा काढून आणला. पांढरं कापड होतं, दिवाळीच्या रात्रींना त्या मागावर निघालेलं. शेठ त्यातलं थोडं कापड त्यांना द्यायचे आणि ते गल्लीत वाटायचे. त्यातच तिला गुंडाळली. खात्यामागं खाडीच्या काठाला खड्डा केला. कलाबाई आली, लांब उभी राहिली. मग पुढं होऊन तिनं मूठभर माती टाकली आणि म्हणाली, “माय, माले माहीत नव्हतं वं.” निंबाभाऊंनी वर पाहिलं नाही. ते एकच म्हणत होते, “आवाज ते व्हताच नही. मग काय व्हयनं इले? आवाज ते व्हताच नही.”

म्हातारी झाली होती, काळीज थांबलं असेल, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले. पण दुपारी पान आणायला बन्सीलालच्या टपरीवर गेले. टपरी खात्याच्या शटरसमोरच होती. त्यानं चुना लावता लावता हात थांबवला.

“एक बात पूछूं, प्रमिलाबेन? कुत्री तो अंदर इतना रो रही थी, शटर पे सर मार रही थी। निंबाभाऊ आए, शटर को कान लगाया, और हसते हसते वापस चले गए। मुझे लगा, मेहमान हैं, इसलिए बाहर नहीं निकालना होगा। मैं क्या बोलता?”

मी पान तिथंच टाकलं. चालत घरी कशी आले ते मला सांगता येणार नाही. शटरला कान लावला. हसत परत आले. गालाखाली हात धरून मला दाखवलं, झोपली आहे. आणि दुपारी आत उभं राहून, माळ वाजत असताना, ‘चिडीचूप’ म्हणाले ते. त्या माणसानं बिचाऱ्यानं खोली आपल्या कानांनी तपासली होती. मी बन्सीलालला शपथ घातली की हे निंबाभाऊंच्या कानावर घालायचं नाही. कानावर! माझी जीभही काय बोलते बघा.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. ते येतील असं मला वाटलं नव्हतं. संध्याकाळी टोपी घालून आले. पाटावर बसले. दार वाजवलं नाही, मी हाक मारली ती त्यांना कळली नाही, शेवटी समोर जाऊन हातानं खुणावलं तेव्हा त्यांनी मान पुढं केली. मी ओवाळलं. ते तबकात ओवाळणी टाकायचे आणि वर माझी काहीतरी टिंगल करायचे, त्यातलं काही झालं नाही. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

“प्रमिला, मनासंगे खात्यात ये.”

मी तबक ठेवून गेले. गोण्या तशाच लावलेल्या होत्या. कुणी काढल्या नव्हत्या. सगळे माग हार घालून बसलेले. त्यांनी मला मधोमध उभं केलं, दिवा लावला आणि आतून शटर खाली ओढलं. मग माझ्यासमोर येऊन उभे राहिले. हातभर अंतरावर, ओठ वाचायला उभे राहतात तसे.

मला सगळं ऐकू येत होतं. गोण्यांनी काही अडलं नव्हतं. पत्र्यावर पडून प्रत्येक आवाज बाहेरच्यापेक्षा मोठा होत होता. रॉकेटची शीळ, फटाक्यांची माळ, पलीकडच्या गल्लीतला ढोल. पोरं ‘सरक, सरक’ म्हणून ओरडत होती तेसुद्धा मला शब्द न् शब्द कळत होतं. शटरच्या आतल्या बाजूला बॉबीनच्या नख्यांचे ओरखडे होते. मी तिकडे बघितलं नाही.

“आते खरं सांग,” निंबाभाऊ म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ते हळू बोलले. “तू मनी बहीन शे. मझार आयकू येस का?”

मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. मान हलवली आणि त्यांना ओठांवर नीट वाचता येईल असं, सावकाश म्हटलं, “नही, भाऊ. कायबी आयकू येस नही.”

त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण जरासा सैल झाला. तेवढ्यात शटरच्या अगदी बाहेर कुणीतरी सुतळी बॉम्ब लावला.

मी दचकले. माझे दोन्ही हात आपोआप कानांवर गेले.

निंबाभाऊंनी ते पाहिलं. त्यांना कसलाच आवाज आला नव्हता, फक्त मी दिसत होते, कानांवर हात ठेवून उभी. मी हात खाली घेतले, पण उपयोग नव्हता. मग त्यांनी मान हलवली, मला समजावल्यासारखी, आणि खिडकीपाशी जाऊन पहिली गोणी खाली उतरवली. मी दुसरी धरली.